उडी शिकवण्याआधीचे वर्ष

घरात कुत्र्याचे पिल्लू आले की पहिल्याच आठवड्यात त्याला ‘शेकहँड’ शिकवण्याची घाई सुरू होते, हे आपणही पाहिले असेल. पाहुण्यांसमोर पिल्लाने पंजा पुढे केला की साऱ्या घराला धन्य वाटते. पण हेच पिल्लू पुढे खेळाच्या मैदानावर उतरायचे असेल, आडव्या दांड्यांवरून उड्या मारायचे असेल, बोगद्यातून धावायचे असेल, तर पहिल्या वर्षात त्याला काय शिकवावे? या प्रश्नाचे उत्तर मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, आर्णीत, आमच्याच अंगणात शोधावे लागले. उत्तर असे निघाले, की उडी सोडून बाकी सारे शिकवावे.

हे पिल्लू आमच्याकडे कसे आले, ते आधी सांगते. मी शाळेत शारीरिक शिक्षणाची शिक्षिका होते. माझे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षे मराठी शिकवत. गाव त्यांना गुरुजी म्हणते. या लेखापुरती मीही तसेच म्हणते. तीन वर्षांपूर्वी गुरुजींना पक्षाघात झाला. मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा खंडित झाला, उजवा हात आणि पाय दुबळा झाला आणि वाचा गेली. ‘वाचा गेली’ हा आपला नेहमीचा शब्दप्रयोग, पण तो पुरेसा नेमका नाही. या अवस्थेला वाचाघात म्हणतात. गुरुजींना ऐकलेले बहुतेक समजत होते, सांगायचे तेही मनात होते; मधला शब्द तेवढा सापडत नव्हता. शिल्लक राहिले ‘हो’, ‘नको’ आणि आकडे. एकपासून वीसपर्यंत ते न अडखळता म्हणत. वाचोपचार करणाऱ्या ताईंनी समजावले, की आकडे, वार, रोजची प्रार्थना अशा वर्षानुवर्षे घोकलेल्या मालिका अशा रुग्णांमध्ये पुष्कळदा टिकून राहतात. पाय वर्षभरात सावरला, काठीच्या आधाराने ते चालू लागले. परंतु आयुष्यभर इतरांचे शब्द दुरुस्त केलेला माणूस भेटायला आलेल्यांसमोर मान खाली घालून बसू लागला आणि पुढे बाहेरच्या खोलीत यायचाच थांबला.

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात पुण्याचा आमचा पुतण्या आठ आठवड्यांचे एक पिल्लू घेऊन आला. कारवान जातीचे, फिकट बदामी रंगाचे, अंगापेक्षा पाय लांब. त्याला हे पिल्लू श्वानक्रीडेसाठी तयार करायचे होते आणि नेमके त्याच वेळी कंपनीने त्याला वर्षभरासाठी जर्मनीला पाठवले. “काकू, तुम्ही आयुष्यभर पोरांना पळायला शिकवलंत. याला एक वर्ष सांभाळा. काही शिकवू नका, फक्त बिघडू देऊ नका,” असे म्हणून त्याने पिल्लू माझ्या मांडीवर ठेवले. त्याने निवडलेले नाव होते ‘थंडर’. गुरुजींनी ते नाव दोनदा ओठांवर आणून पाहिले आणि सोडून दिले. थोड्या वेळाने पिल्लाकडे बोट करून ते म्हणाले, “बाबू.” ओठ मिटून उघडले की होणारे अक्षर त्यांना तुलनेने सोपे जाते. नावाचा प्रश्न तिथेच मिटला.

कारवान ही आपल्या मातीतली जात. सोलापूर, लातूर, सांगली या पट्ट्यात शेतकरी आणि मेंढपाळ ती पाळत आले आहेत. सीमेपलीकडे मुधोळ संस्थानात घोरपडे घराण्याने याच कुळातल्या कुत्र्यांना आश्रय दिला. मुधोळ हाउंडचे टपाल तिकीट २००५ साली निघाले. ही कुत्री वासापेक्षा नजरेने सावज हेरणारी. दूरवर काही हलले की पाय आपोआप धावू लागतात. कातडी पातळ, अंगावर चरबी नाही आणि मन फार हळवे. मोठ्याने दरडावले की लॅब्रेडॉर क्षणभर ओशाळतो आणि पुन्हा शेपटी हलवतो. कारवान दोन दिवस कोपऱ्यात बसतो.

ज्या खेळासाठी बाबूला तयार करायचे होते, तो तसा तरुण खेळ आहे. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनात दोन कार्यक्रमांमधला रिकामा वेळ भरून काढण्यासाठी घोड्यांच्या अडथळा-शर्यतीच्या धर्तीवर कुत्र्यांचा एक खेळ सादर झाला. लोकांना तो इतका आवडला, की पाहता पाहता जगभर पसरला. त्याला ॲजिलिटी म्हणतात. कुत्रा मोकळा धावतो, मालक बाजूने पळत हाताने आणि शब्दाने दिशा दाखवतो आणि वेळ मोजली जाते. आपल्याकडे त्याच्या सोयी अजून मोठ्या शहरांपुरत्याच आहेत. आर्णीत दांड्या, बोगदे, फळ्या कुठून असणार? पण पहिल्या वर्षाला त्यांची गरजच नसते, हे पुतण्याने पाठवलेली पुस्तके वाचताना लक्षात आले आणि मला हायसे वाटले.

गरज का नसते, हे समजायला हाडे समजून घ्यावी लागतात. मुलांच्या खेळाशी माझा संबंध असल्याने हा भाग मला सर्वांत जवळचा. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चेचा एक पट्टा असतो. हाडाची लांबी तिथे वाढते. वाढ पूर्ण झाली की हा पट्टा पक्के हाड होऊन मिटून जातो. तोवर तो हाडाचा सर्वांत कच्चा भाग. उंचावरून उडी, वेगात अचानक घेतलेले वळण किंवा एकच हालचाल पुन्हा पुन्हा करणे यांचा ताण तिथे बसतो. पट्टा दुखावला तर हाड वाकडे वाढू शकते किंवा पाय आखूड राहू शकतो. लहान चणीच्या कुत्र्यांत हे पट्टे लवकर मिटतात, मोठ्या जातींत बारा ते अठरा महिनेही लागतात. पिल्लू सहा महिन्यांचे झाले की दिसते जवळजवळ पूर्ण वाढलेले, आणि फसगत नेमकी इथे होते. नॉर्वेत चार मोठ्या जातींच्या सुमारे ५०० पिल्लांचा अभ्यास झाला, त्याचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांच्या आत ज्यांना रोज जिने चढावे-उतरावे लागले, त्यांच्यात खुब्याचा सांधा सैल बसण्याच्या विकाराचा धोका अधिक आढळला. ज्यांना मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळे बागडता आले, त्यांच्यात तो कमी होता. म्हणजे पिल्लाला हालचाल हवीच. ती त्याच्या मर्जीने, त्याच्या दमाने आणि मऊ मातीवर व्हावी. आमच्या घराला गच्चीचा जिना आहे. त्याला पहिल्याच दिवशी खाट आडवी लावली आणि ती चार महिने तशीच राहिली.

शेजारचे एक शेतकरी, ज्यांना शंकरपटाचा भारी नाद आहे, ते रोज संध्याकाळी कुंपणापाशी उभे राहून बाबूकडे पाहत. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींना परवानगी देणारा कायदा उचलून धरला, तेव्हापासून त्यांचा उत्साह दुणावला आहे. पश्चिम महाराष्ट्रात काही गावांच्या यात्रांत कुत्र्यांच्याही शर्यती होतात, त्यांची चलचित्रे त्यांनी मोबाइलवर पाहिली होती. बाबू पाच महिन्यांचा झाला तेव्हा त्यांना राहवेना. “बाई, याले पयवत काहून नाही? पाय पाहा याचे! दुचाकीच्या मांगं दोन कोस पयन हे.” मी त्यांना विचारले, “भाऊ, गोऱ्हा नांगराला कधी जुंपता?” “दोन दात तं येऊ द्या लागते ना, बाई,” ते म्हणाले आणि स्वतःच हसले. कुत्र्याच्या बाबतीत मात्र दातांवर भरवसा ठेवता येत नाही, एवढे त्यांना सांगावे लागले. त्याचे सारे पक्के दात सहा-सात महिन्यांत येऊन जातात, हाडे त्यानंतरही कित्येक महिने कच्ची असतात. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना रोज डांबरी रस्त्यावर पळवून मैदाने मारू पाहणारे पालक मी नोकरीत असताना पुष्कळ पाहिले. त्या मुलांचे गुडघे आणि टाचा दुखू लागत आणि दोन वर्षांत खेळावरचे मनच उडे. या विषयावर मी कठोर आहे, हे मान्य करते.

मग वर्षभर शिकवायचे काय? पहिल्या काही आठवड्यांत शिकवायची गोष्ट म्हणजे जग. अमेरिकेतील स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी कुत्र्यांच्या वर्तनावर केलेले दीर्घ काम १९६५ साली ग्रंथरूपाने आले. वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मनाचे दार उघडे असते, असा त्याचा मथितार्थ. त्या काळात जे शांतपणे पाहिले, ऐकले, हुंगले, ते पुढे आपले वाटते. ज्या पिल्लांना चौदा आठवड्यांपर्यंत माणसाचा सहवास मिळू दिला नव्हता, ती नंतर माणसाजवळ येईनात, असे १९६१ सालच्या एका प्रयोगात दिसले होते. अडचण अशी, की लसीकरण पूर्ण होते सोळाव्या आठवड्याच्या सुमारास आणि पार्व्होसारखा जीवघेणा रोग जमिनीवरून लागतो. यावर उपाय म्हणजे पिल्लाला जमिनीवर न सोडता जग दाखवणे. सुती साडीची झोळी करून मी बाबूला छातीशी बांधत असे. आठवडी बाजारातला कोलाहल, अरुणावतीच्या पुलावरून जाणारे ट्रक, शाळा उघडल्यावर रेनकोट घालून जाणारी मुले, पेरणीचे ट्रॅक्टर हे सारे त्याने झोळीतून पाहिले. प्रत्येक नव्या आवाजाला पनीरचा हरभऱ्याएवढा तुकडा. तो मागे सरला की आम्ही मागे सरायचो. ओढून जवळ न्यायचे नाही. पोळ्याला सजवलेले बैल घुंगरमाळा वाजवीत दारावरून गेले, तेव्हा बाबू ओट्यावर बसून मान इकडून तिकडे फिरवीत होता.

झोळी मी वाहिली, पण खरे शिक्षण गुरुजींच्या वाट्याला गेले. ते कसे, हे सांगताना मला थोडे तांत्रिक बोलावे लागेल.

आजच्या प्रशिक्षणात एक खूणशब्द ठरवतात. पिल्लाने हवी ती गोष्ट केली, की त्याच क्षणी तो शब्द आणि पाठोपाठ खाऊ. समुद्रातल्या डॉल्फिनना शिकवणारे शिट्टी वापरत; कुत्र्यांसाठी टक्‌ वाजणारे छोटे यंत्र मिळते. शब्द वापरला तरी चालतो. अटी तीन: तो आखूड असावा, दर वेळी सारखाच उच्चारला जावा आणि आधी शब्द, मग हात, हा क्रम चुकू नये. माझ्या तोंडी ‘शाब्बास’ कधी लांब होई, कधी रागात निघे, कधी हात आधीच पिशवीत जाई. गुरुजींचा ‘हो’ मात्र दर वेळी एकसारखा. त्यात चढउतार आणण्याची सोयच त्यांना उरलेली नव्हती. आणि त्यांचा हात सावकाश हलत असल्याने शब्द आणि खाऊ यांच्यात आपोआप अंतर राही. पुतण्याला मी पहिल्या महिन्याचे चित्रण पाठवले, तर त्याचे उत्तर आले, की काकांइतकी स्वच्छ खूण शहरातले सरावलेले लोकही देत नाहीत. ते मी गुरुजींना वाचून दाखवले. दुसऱ्या दिवशी ते न बोलावता अंगणात आले.

दुसरी गोष्ट हातांच्या खुणांची. माणसाच्या बोटाची दिशा ओळखण्यात कुत्र्याची पिल्ले लांडग्यांच्या आणि चिंपांझींच्याही पुढे असतात, असे २००२ साली ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवले. कुत्रा मूलतः आपल्या अंगाकडे, खांद्यांकडे, पावलांकडे पाहत असतो. शब्द त्याला नंतर कळतात. वाक्ये न जुळणाऱ्या माणसासाठी याहून सोयीचा विद्यार्थी कोणता? ‘बस’, ‘ये’, ‘खाली’, ‘फिर’ अशा एकेक खुणा गुरुजींनी स्वतः ठरवल्या. डाव्या हाताच्याच खुणा झाल्या तर कुत्रा एकाच बाजूने वळायला शिकेल आणि खेळात ते अडेल, म्हणून उजव्या बाजूचे काम मी करू लागले. पण ‘बस’ची खूण तेवढी त्यांनी उजव्या हाताची ठेवली. मनगट कमरेपर्यंत उचलावे लागते. फिजिओथेरपिस्ट दुबळा हात रोजच्या कामात वापरा असे सांगून थकले होते. त्या हाताने गुरुजींनी दिवसाकाठी तीस-चाळीस वेळा बाबूला बसवले. हात बरा झाला असे मी म्हणणार नाही. बटण अजून मीच लावते. कमरेपर्यंत मात्र तो आता उचलला जातो.

एक गोष्ट आपण लक्षात घ्यावी. काठी घेऊन चालणाऱ्या माणसाच्या घरात पिल्लू म्हणजे पायात येऊन पाडणारे संकट आहे. पक्षाघातानंतर पडणे किती महागात पडते, हे ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. शिवाय गुरुजींना रक्त पातळ ठेवणारी गोळी आहे. पिल्लाचे सुईसारखे दुधाचे दात लागले तरी रक्त थांबायला वेळ लागतो. म्हणून आमचा पहिला धडा सतरंजीचा. गुरुजी उठले की बाबूने चौघडी घातलेल्या सतरंजीवर जाऊन बसायचे आणि परवानगी मिळेपर्यंत तिथेच राहायचे. सुरुवात दोन सेकंदांपासून. गुरुजी आकडे मोजत: एक, दोन, ‘हो’, पनीर. मग पाचपर्यंत, मग दहापर्यंत. दिवाळीपर्यंत बाबू वीस आकडे थांबू लागला. विसाच्या पुढे गुरुजींचे आकडे अडखळत. एकवीस, बावीस जुळायला वेळ लागे आणि बाबू तो वेळही शांतपणे थांबे. पुढे कळले, की शर्यतीच्या आरंभरेषेवर कुत्र्याने मालकाची खूण होईपर्यंत निश्चल थांबणे हे या खेळातले सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचे कौशल्य. आम्ही ते पडू नये म्हणून शिकवले होते.

अंगाचे भान हा तिसरा भाग आणि तो मोठा गमतीचा आहे. पिल्लाला पुढचे दोन पाय ठाऊक असतात. मागचे दोन आपलेच आहेत, याची त्याला फारशी जाणीव नसते. ती यावी म्हणून जेवणाचा लाकडी पाट उपयोगी पडला. पुढचे पंजे पाटावर ठेवायचे आणि मागच्या पायांनी पाटाभोवती घड्याळाच्या काट्यासारखे फिरायचे. बांबूची शिडी जमिनीवर आडवी ठेवून तिच्या घरांतून एकेक पाऊल टाकत चालायचे. एका पोत्यात कुटार भरून त्यावर उभे राहायचे, म्हणजे तोल सावरताना पोटाचे आणि पाठीचे स्नायू कामाला लागतात. साऱ्याची उंची वितीच्या आत, एकेक खेळ दोन-तीन मिनिटे, मग झोप. पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपते आणि ते झोपू द्यावे. घरी आलेल्या मुलांना हे पटवणे हाच काय तो त्रास. ओढाओढीचा खेळही हवा, कारण पुढे तेच बक्षीस होते, पण फडके जमिनीलगत धरावे. वर उचलून झटके दिले तर मानेवर ताण येतो. आणि तोंडातली वस्तू हिसकावून न घेता बदल्यात दुसरी द्यावी. ज्या पिल्लाकडून सतत हिसकावले जाते, ते गुरगुरायला शिकते.

बोलावल्यावर परत येण्यासाठी मी माझी शाळेतली शिट्टी खुंटीवरून काढली. नागपूर–तुळजापूर महामार्ग आमच्यापासून दूर नाही आणि नजरेने धावणारे कुत्रे एकदा सुटले की शब्द त्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे बाबू कुंपणाबाहेर लांब दोरीशिवाय कधीच सोडला नाही, आजही सोडत नाही. शिवारात ससे, नीलगायी आहेत. कुत्रा लावून ससा धरण्याची काहींना हौस असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, हे हौसेने सल्ला देणाऱ्या दोघांना मी सांगितले.

आरोग्याच्या चार गोष्टी घाईने सांगते, कारण या पाक्षिकाच्या वाचकांना त्या बहुधा ठाऊक असतील. बारा आठवड्यांपर्यंत दर पंधरवड्याला जंतनाशक. घरात लहान मुले असतील तर पिल्लाची विष्ठा लगेच उचलावी व हात धुवावेत, कारण ते जंत माणसालाही लागतात. तीन महिन्यांनंतर रेबीजची लस. तोवर आणि त्यानंतरही, दात किंवा नख लागून रक्त आले तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा; ‘घरचेच पिल्लू आहे’ हे कारण पुरेसे नाही. पावसाळ्यात कान आणि बोटांच्या बेचक्या रोज तपासून गोचीड काढावे. कांदा, लसूण, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी आहेत. आपल्या वऱ्हाडी स्वयंपाकात कांद्यावाचून पान हलत नाही आणि प्रसादाच्या शिऱ्यात मनुका असतात, तेव्हा ‘आमच्या ताटातले थोडे’ ही माया आवरावी.

उन्हाळ्याबद्दल मात्र घाई करून चालणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. कुत्र्याला घाम येतो तो नावापुरता, पंजांच्या तळव्यांना. बाकी सारी उष्णता धापा टाकून बाहेर काढावी लागते. रस्त्यावर हाताचा तळवा पाच सेकंद टेकवून ठेवता आला नाही, तर तिथे कुत्र्याने चालू नये. आम्ही पहाटे साडेपाचच्या आत आणि रात्री आठनंतरच बाहेर पडत असू. दुपारी माठाजवळच्या ओल्या पोत्यावर बाबू आणि समोर आरामखुर्चीत गुरुजी. जीभ फार लांब आली, लाळ घट्ट झाली, चाल लटपटली, तर साध्या थंड पाण्याने अंग भिजवून वारा घालावा आणि पशुवैद्यकाकडे धावावे. या दोन महिन्यांत प्रशिक्षण जवळजवळ बंदच होते. कुत्र्याच्या वाढीत असे रिकामे महिने वाया जात नाहीत, असे मला वाटते. शेतही चार महिने उन्हात तापतेच.

या महिन्यात बाबू चौदा महिन्यांचा झाला. खांद्यापाशी सव्वादोन फूट. सुमारे ४० किलोमीटरवरच्या यवतमाळला नेऊन त्याच्या पुढच्या पायांची क्ष-किरण तपासणी केली. तिथे त्याला भूल द्यावी लागली नाही. गुरुजींनी मनगट उचलले, खाली नेले, तसा तो मेजावर आडवा झाला आणि ते आकडे मोजू लागले. चित्रात कूर्चेच्या पट्ट्यांच्या जागी आता पुसट रेघा उरल्या आहेत. डॉक्टरांनी अजून महिनाभर थांबायला सांगितले. मग जमिनीपासून वीतभर उंचीवर पहिली दांडी ठेवायला हरकत नाही.

तोवर पुतण्या परत येईल. जुलैच्या दुसऱ्या आठवड्याचे त्याचे तिकीट आहे आणि बाबू त्याच्याबरोबर पुण्याला जाईल. गेले महिनाभर मी यांच्याकडे पाहून तो विषय टाळत होते. परवा गुरुजींनीच कपाटातली एक दोनशे पानी वही काढली, डाव्या हातात पेन धरले आणि मला समोर बसवले. ते खूण करून दाखवतात, मी तिचे वर्णन लिहिते, ते वाचतात, माझे ऱ्हस्व-दीर्घ चुकले की बोट ठेवतात आणि शेजारी डाव्या हाताने खुणेचे रेखाचित्र काढतात. एकेका खुणेला दीड-दोन तास लागतात. मध्ये बाबूला बोलावून खात्री करून घेतली जाते. वहीत आतापर्यंत अकरा खुणा झाल्या आहेत. बाराव्या पानावर त्यांनी फक्त ‘उडी’ एवढे लिहायला लावले आणि खालचे पान पुतण्यासाठी कोरे ठेवले आहे.